तुझी झडप, माझी झडप

गिरजे,

शुक्रवारी तू येणार होतीस. शनिवारी रक्ताची तपासणी होती. आदल्या दिवशी संध्याकाळच्या बसने तू उतरतेस, म्हणून पुढच्या खोलीतल्या दिवाणावर तुझी चादर घालून ठेवायची, हे माझं ठरलेलं. पण गुरुवारीच मारोतीभाऊंचा फोन आला. तुझा नवरा फोनवर कधी बोलत नाही, बोलतेस ती तूच. त्यामुळे त्यांचा आवाज ऐकल्याबरोबर मला कळलं. "ताई, गिरजा गेली," एवढंच ते म्हणाले.

शाळेत लोक विचारतात, कोण होती ती तुमची? मी मैत्रीण म्हणते. पण ते पुरत नाही. आपल्या दोघींना एकच आजार होता. लहानपणी आलेल्या त्याच तापाने दोघींच्या हृदयाची तीच डावीकडची झडप खराब केली होती. दोघी एकाच जिल्ह्यातल्या, एकाच तालुक्यातल्या, वयाने बरोबरीच्या. आणि आज मी इथे वर्ध्याजवळ पिपरी मेघ्यात टेबलाशी बसून लिहिते आहे आणि तू नाहीस. असं का व्हावं, यावर आपलं इतकी वर्षं भांडण चाललं होतं. ते अर्धंच राहिलं.

तुला आठवतं का, वर्ध्याचं ते डी.एड.चं वसतिगृह? आपली खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पहिल्याच दिवशी जिन्याच्या वळणावर मी दम खात थांबले होते. खालून ट्रंक घेऊन तू आलीस आणि तूही तिथेच थांबलीस. दोघींना बोलवेना. थोडा श्वास आल्यावर मी म्हणाले, "मले हार्टचा त्रास आहे, म्हून थांबली." तू म्हणालीस, "मले सिकल आहे." एकमेकींना गावाचं नाव सांगावं तसं.

माझ्याबाबतीत काय झालं होतं, ते मी तुला त्याच आठवड्यात सांगितलं. कारंज्याला हायवेवर आमचं किराणा दुकान. मी चौथीत असताना घसा धरला, ताप आला आणि मग गुडघे सुजले. बाबांनी मला स्कूटरवर पुढे बसवून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर आमच्याच दुकानातून सामान नेणारे. त्यांनी छातीला नळी लावली आणि नागपूरला पाठवलं. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. दिवसभर लंगडायला लावणारं, पण झडप आणखी बिघडू न देणारं.

तुझी गोष्ट मात्र तू तुकड्यातुकड्यांनी सांगितलीस. डोंगरातलं गाव, आश्रमशाळा, तिथे एकदा आलेलं शिबिर. सगळ्या गोंड मुलांच्या बोटातून रक्त घेतलं. तुझ्या रक्तात सिकल निघालं. रक्ताचा तो आजार, ज्यात सांधे दुखतात, अंगात रक्त राहत नाही, धाप लागते. त्या दिवसापासून तुझ्या प्रत्येक दुखण्याला तेवढा एकच शब्द पुरायला लागला. पाय दुखले, सिकल. दम लागला, सिकल. कोणत्याही डॉक्टरने गिरजा मडावी हे नाव ऐकलं की पुढचं उत्तर त्याच्याकडे तयारच असायचं.

एका रविवारी तुझा गुडघा धरला होता आणि मी मोहरीचं तेल कोमट करून आणलं होतं. तेव्हा तू सहज सांगितलंस, पहिल्यांदा दुखलं तेव्हा आधी घसा धरला होता. मग गुडघा. मग गुडघा सुटला आणि घोटा धरला. दुखणं अंगात फिरत होतं.

मी उठूनच बसले. माझी आई हेच सांगायची, शब्दनशब्द.

"गिरजे, हे तर माह्यं दुखणं आहे."

तू हसलीस. "तुमच्यातले आजार आमच्याकडे काऊन येतीन व?"

पुढच्या खेपेला बाबा मला नागपूरला न्यायला आले, तेव्हा मी तुलाही सोबत घेतलं. डॉक्टरांनी नाव विचारलं. तू सांगितलंस. "सिकल आहे का?" "हाव." त्यांनी पेन उचललंच होतं. माझे बाबा, जे डॉक्टरांसमोर कधी तोंड उघडत नसत, ते म्हणाले, "साहेब, आलोच आहे तर एकडाव छाती पाहून घ्या पोरीची."

डॉक्टरांनी नळी लावली. मग तुला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. एवढा वेळ त्यांनी माझंही कधी ऐकलं नव्हतं.

"लहानपणापासून दम लागतो म्हणतेस. आणि कोणी तपासलं नाही?"

"तपासलं ना सर," तू म्हणालीस. "बोट तपासलं."

त्यात टोमणा नव्हता. तू नुसती खरी माहिती दिली होतीस. पण डॉक्टर खाली बघायला लागले. परतीच्या वाटेवर बाबांनी बस थांबली तिथे आपल्याला उसाचा रस पाजला आणि स्वतः मात्र घेतला नाही.

मला वाटलं, झालं, सापडलं, आता दोघींचं सारखंच होईल. तसं झालं नाही. डी.एड. संपलं त्या वर्षी दोघींचा इको काढला, दोघींची झडप आवळली होती. माझ्या पायाच्या शिरेतून तार घालून तिच्या टोकावरचा छोटा फुगा फुगवून झडप उघडली. मी चौथ्या-पाचव्या दिवशी घरी आले, आईने केलेला शिरा खाल्ला. तुला मोठ्या सरकारी दवाखान्यात सांगितलं, सिकल आहे तर आधी रक्ताच्या डॉक्टरांचं मत आणा. रक्ताचे डॉक्टर म्हणाले, पूर्ण तपासणी इथे होत नाही, दुसरीकडे जा. दुसरीकडे मशीन बंद होतं. मग तुला नोकरी लागली, तीही डोंगरातल्या शाळेवर, आणि एका तारखेला यायचं म्हणजे तुझा येण्याजाण्याचाच दीड दिवस जायचा. असं करत वर्षं गेली. शेवटी ती तपासणी झाली, तेव्हा कळलं की तुला सिकल नव्हतंच. तू फक्त वाहक होतीस. आईकडून आलेला तो गुण अंगात नुसता असतो, त्याने ना सांधे दुखत, ना दम लागत. तोवर तुझी झडप कडक झाली होती, गळायलाही लागली होती. फुग्याचे दिवस निघून गेले होते. छाती उघडून धातूची झडप बसवावी लागणार होती.

ज्या दिवशी हे सांगितलं, त्या दिवशी मी तुझ्यासोबत होते. तो तरुण डॉक्टर तुझ्याकडे न बघता मला म्हणाला, "यांना मराठी नीट समजतं ना? समजावून सांगा यांना." तू तिसरीला मराठी शिकवत होतीस, गिरजे. मी जे बोलायला लागले, ते बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू गेलं असणार. तू माझा पदर ओढून मला बाहेर आणलंस.

"काऊन ओढलं मले? खोटं बोलली का मी?"

"नाई. खरंच बोलली." तू बाकावर बसलीस, कारण उभं राहून भांडायला तुला श्वास नव्हता. "पण तुले राग परवडते. तू ओरडून घरी जाशीन. मले पुढच्या मंगळवारी याच दारात या लागते."

आपलं भांडण खरं तिथून सुरू झालं. नंतर माझ्या मागच्या अंगणात, तुरीची डाळ निवडत, किती वेळा झालं! मी म्हणायचे, तुझ्या आडनावाने तुला मारलं. माझ्या जागी तू आणि तुझ्या जागी मी असते तर आज उलटं असतं. तू म्हणायचीस, गाव दूर होतं तेही खरं. मायने आधी गावच्या भूमकाकडे, वैदूकडे, नेलं होतं, झाडपाल्यात वर्ष घालवलं होतं, तेही खरं. गावात बस नव्हती, तेही खरं. "तुले एकच कारण पायजे, वंदू. मले माहीत आहे, चार कारणं आहेत, अन् चारही खरी आहेत."

"पण त्यातलं एक बाकीच्या तिघांचा बाप आहे," असं मी एकदा म्हणाले. गावात बस का नाही, दवाखाना का नाही, ते बघ म्हणाले. तू डाळीतला खडा काढून बाजूला ठेवलास आणि म्हणालीस, "असंन. पण मले रोज सकाळी उठून शाळेत जायचं आहे. रोज उठून असं वाटून घेतलं, तर जाववत नाई."

ऑपरेशन झालं. टाक्यांनी तू कण्हलीस, तेव्हा वॉर्डातली सिस्टर म्हणाली, "तुम्ही लोक तर काटक असता, एवढं काय?" आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला मात्र दुखण्याची गोळी दिली. तू मला खुणेने गप्प बसवलंस. मी वॉर्डाबाहेर जाऊन ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगून आले. गोळी मिळाली. तू घेतलीस आणि झोपलीस.

त्यानंतरची वर्षं चांगली होती, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. तुला पायऱ्या चढता यायला लागल्या. मारोतीभाऊंशी लग्न झालं. वनखात्यातला तो अबोल माणूस तुझ्यासाठी जंगलातून मोहाची फुलं, चारोळ्या आणायचा आणि दाराच्या चौकटीत ठेवून जायचा. तुझी झडप शांत खोलीत घड्याळासारखी वाजायची. परीक्षेच्या वेळी वर्गात सगळे चिडीचूप झाले की पहिल्या रांगेतली पोरं मान वर करून बघायची. एकाने विचारलंच, "बाई, तुमच्या पोटात घड्याळ आहे का?" तू म्हणालीस, "हाव, अन् तुमचा टाइम संपून राह्यला, लिहा लवकर." हे सांगताना तू इतकी हसलीस की माझा नवरा आतून बघायला आला.

रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र जन्माची होती. रक्त फार पातळ झालं तर वाहायचं, फार दाट झालं तर झडपेवर गुठळी. त्यासाठी तपासणी, आणि तपासणीसाठी वर्धा. म्हणून तर तू दर महिन्याला माझ्याकडे येत होतीस. आजाराने का होईना, तू मला मिळालीस. पावसाळ्यात तुझं रक्त दरवर्षी दाट निघायचं, आणि दरवर्षी दवाखान्यातले डॉक्टर तुला रागावून सांगायचे, गोळी चुकवलीस. तू शपथेवर नाही म्हणायचीस. "पालेभाजी खाता का? पालक, मेथी?" "नाई." तेही खरंच होतं. मग वर्ध्यात एक नवी डॉक्टरीण आली. तिने वेगळं विचारलं, "पावसाळ्यात तुमच्या घरी जेवायला काय असतं?" तू सांगत गेलीस, तरोटा, अंबाडी, चिवळ, कुड्याची फुलं. डॉक्टरीण कपाळाला हात लावून हसली. याही पालेभाज्याच, गोळीचा जोर कमी करणाऱ्या; पालक तुमच्या डोंगरात कोण खातं! ती म्हणाली, सोडू नका, पण थोडी थोडी रोज खा, आम्ही गोळी त्या हिशेबाने देऊ. बाहेर येऊन तू म्हणालीस, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी इचारलं, का मी जेवतो काय." तुझा चेहरा लग्नाच्या दिवशीसुद्धा इतका उजळला नव्हता.

एक गोष्ट राहिली. ती आता बोलते. ती गोळी घेत असताना मूल होऊ देऊ नका, असं तुला सांगितलं होतं. माझी झडप वेळेवर उघडली, म्हणून मला मुलगा झाला. बारशाला तू आलीस, त्याला मांडीवर घेतलंस, त्याचे तळवे हातात धरून म्हणालीस, "याचे पंजे किती मोठे आहेत, उंच होईन." मी स्वयंपाकघरात निघून गेले. त्या वेळी मी तुझ्याजवळ बसायला हवं होतं, असं काही मी म्हणणार नाही. बसले असते तर दोघी रडलो असतो आणि तुला ते आवडलं नसतं. पण आज सांगते, तो आता सातवीत आहे, उंच झाला आहे, आणि तू गेल्याचं कळल्यावर त्याने दोन दिवस क्रिकेटची बॅट हातात घेतली नाही.

मारोतीभाऊ सांगत होते, शेवटच्या दोन दिवसांत तुझ्या छातीतली टिकटिक दबल्यासारखी वाटत होती. त्यांनी तुला तसं म्हटलं. तू म्हणालीस, "तुमचेच कान बिघडले असतीन, शनिवारी दाखवतोच आहे." आवाज बदलला तर झडपेवर गुठळी समजून लगेच निघा, हे आपल्याला कोणीच सांगितलं नव्हतं, ना तुला, ना मला. गुरुवारी सकाळी प्रार्थना चालू असताना तू भिंतीला धरून खाली बसलीस. जीप मिळाली, नागपूरचा रस्ता धरला. वाटेत तुला बोलता येत नव्हतं, फक्त मारोतीभाऊंचा हात धरून होतीस. दवाखान्यात सगळ्यांनी धावपळ केली, कोणी काही कमी केलं नाही, असं ते स्वतःहून म्हणाले. माझा राग त्यांना माहीत आहे ना.

दिवसकार्याला मी तुझ्या गावी गेले. बस जिथे संपते तिथून पुढे चालत. पहिल्यांदाच तुझ्याशिवाय. तुझ्या शाळेच्या पडवीत बायका बसल्या होत्या. त्यातली एक, हिरवं लुगडं नेसलेली, माझ्याजवळ सरकली. "तुम्हीच वंदूबाई ना? बाईच्या मैत्रीण?" तिची मुलगी सरिता तुझ्या वर्गात, तिसरीला. मागच्या पावसाळ्यात सरिताचा घसा धरला, ताप आला आणि गुडघे सुजले. तू आणि ती तिला घेऊन एका दवाखान्यात गेलात. पुढचं मी तिच्याच शब्दांत लिहिते.

"डाक्टरनं नाव इचारलं. मी उईके सांगतलं. थो म्हणे, सिकल असंन, हे तर तुमच्यात राह्यतेच, रक्त तपासून आणा अन् मंग या. मी उठली. पण बाई नाई उठल्या. बाईनं टेबलावर असा हात आपटला, का शिसपेन खाली पडली. म्हणे, आधी पोरीच्या छातीले नळी लावा. आडनाव मंग इचारा. सारा दवाखाना पाहून राह्यला. थो म्हणे, बाई, ओरडू नका. बाई म्हणे, ओरडीन. मी इथून हालत नाई."

"गिरजा म्हणाली असं?" मी विचारलं.

"हाव. मलेच भेव वाटलं."

त्याने नळी लावली. मग पुढे पाठवलं. सरिताला इंजेक्शनं सुरू झाली आणि दर तीन आठवड्यांनी तूच तिला घेऊन जात होतीस.

मला हसू आलं, गिरजे. पडवीत सगळ्या बायका रडत होत्या आणि मी पदर तोंडाला लावून हसत होते, आणि मग रडायला लागले. त्याच दारात पुन्हा जायचं असतानाही तू हात आपटलास. आणि मला सांगितलं नाहीस. का, तेही मला ठाऊक आहे. मी म्हणाले असते, "पाह्य, मी म्हणत नव्हती?" आणि वर्षभर तुझा पिच्छा सोडला नसता.

सरिताची माय म्हणाली, पुढचं इंजेक्शन बुधवारी आहे, आता बाई नाईत, जायचं कसं? मारोतीभाऊ म्हणाले, मी नेईन. मी म्हणाले, या खेपेला वर्ध्याला आणा, आपल्या डॉक्टरीणबाईंना दाखवू. बुधवारी मी अर्धी रजा टाकून बसस्टँडवर उभी होते. सरिता उतरली आणि जागेवरून हलेचना. "आधी आलूबोंडा," म्हणाली. "बाई आधी आलूबोंडा देत, मंग सुई." म्हणजे तुमचं हे ठरलेलं होतं. दिला. तिने तो इतक्या सावकाश खाल्ला की आम्हाला रिक्षा करावी लागली.

डॉक्टरीणबाईंनी इको बघितला, मग नळी लावून बराच वेळ ऐकलं. "आवाज स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. सरिताच्या मायला ते कळलं नाही. ती म्हणाली, "म्हंजे?" डॉक्टरीणबाईंनी नळी काढून तिच्याच कानाला लावली. ती कितीतरी वेळ वाकून ऐकत राहिली. मग नळी तिने मला दिली.

आपल्या दोघींच्या छातीत दोन ठोक्यांच्या मध्ये एक घरघर होती. डॉक्टर आपल्याला कुशीवर वळवून तीच शोधायचे. मी सरिताच्या बरगडीवर नळी धरली, डोळे मिटले आणि तीच शोधायला लागले. एक ठोका, दुसरा ठोका. पुन्हा एक, पुन्हा दुसरा. मी नळी थोडी सरकवली आणि परत ऐकलं.

मध्ये काही नाही. गिरजे, मध्ये काहीच नाही.